चेहरा काळा का आला?
फिल्म कॅमेऱ्यातला उजेड आणि लेन्स समजून घेताना

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी कणीस खाणाऱ्यांइतकीच फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. मांडणी ठरलेली असते: मागे पाणी, पाण्यावर मावळतीचा सूर्य आणि पुढे आपली माणसं. फोनवर हा फोटो बरा येतो. चेहरे दिसतात आणि आभाळाचा केशरी रंगही टिकतो. मात्र कपाटातून काढलेल्या जुन्या पेंटॅक्सवर किंवा याशिकावर तोच फोटो काढून रोल धुऊन आणला, की आभाळ सुरेख आणि माणसांच्या जागी काळ्या आकृत्या. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई तर बरोबर मध्यावर होती. मग चुकलं काय?

फोन अशा वेळी भराभर अनेक फोटो घेतो, एकातून आभाळ उचलतो, दुसऱ्यातून चेहरा आणि आपल्याला न विचारता दोन्ही जुळवून देतो. फिल्मवर एका चौकटीला एकदाच उजेड मिळतो. तो किती द्यायचा आणि कोणासाठी द्यायचा, हे शटर दाबण्याआधी आपण ठरवायचं असतं. फिल्म फोटोग्राफी शिकणं म्हणजे मुख्यतः हे ठरवायला शिकणं. लेन्सची निवडही त्याच्याशीच बांधलेली आहे.

विसर्ग आणि वेळ

पावसाळ्यात पुणेकर रोज सकाळी वर्तमानपत्रात एक आकडा शोधतात: खडकवासल्यातून मुठा नदीत किती क्युसेक विसर्ग सुरू आहे? एक्स्पोजरचं, म्हणजे फिल्मला किती उजेड द्यायचा याचं, गणित अगदी याच हिशोबाचं आहे. सुमारे ११,५०० क्युसेकने २४ तास पाणी सोडलं, तर एक टीएमसी पाणी खाली जातं. दरवाजे आणखी उचलून २३,००० क्युसेक केले, तर तेवढंच पाणी १२ तासांत जातं. खालच्या तळ्याला दोन्हींत फरक कळत नाही, कारण त्याच्यात एकूण पाणी सारखंच आलेलं असतं.

कॅमेऱ्यात दरवाजा किती उचलला ते सांगतं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक. दरवाजा किती वेळ उघडा ठेवला ते सांगतो शटर स्पीड. खालचं तळं म्हणजे फिल्म. तळं किती मोठं, म्हणजे ते भरायला किती उजेड लागतो, ते रोलवर छापलेल्या आयएसओ आकड्यावरून कळतं. आकडा मोठा असेल तर तळं लहान, थोड्या उजेडात भरणारं. १०० आयएसओच्या रोलला जेवढा उजेड लागतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात ४०० चा रोल भरतो.

तळं अर्धवट भरलं की फोटो अंधारलेला येतो. त्याला ‘अंडर’ म्हणतात. भरून वाहू लागलं की ‘ओव्हर’.

उलटे वाटणारे आकडे

नवशिक्याला पहिला गोंधळ अ‍ॅपर्चरच्या आकड्यांचा होतो. एफ/२ म्हणजे मोठं भोक आणि एफ/१६ म्हणजे बारीक, असं का? कारण हा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला, या एफ-आकड्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर असेल, तर भोक २५ मिलिमीटर रुंद असतं. तीच एफ/१६ वर नेली, तर जेमतेम तीन मिलिमीटर उरतं.

लेन्सच्या कड्यावर क्रम असा दिसतो: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. यातल्या प्रत्येक पायरीला भोकाचं क्षेत्रफळ अर्धं होतं, म्हणून उजेडही अर्धा होतो. शटरचा क्रम १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असा असतो आणि तिथेही प्रत्येक पायरीला वेळ अर्धा होतो. उजेड दुप्पट किंवा अर्धा करणाऱ्या या पायरीला फोटोग्राफर ‘स्टॉप’ म्हणतात. एका बाजूला एक स्टॉप कमी केला आणि दुसऱ्या बाजूला एक वाढवला, की हिशोब जिथल्या तिथे राहतो. एफ/१६ वर १/१२५, एफ/११ वर १/२५०, एफ/८ वर १/५०० आणि एफ/५.६ वर १/१००० या चारही जोड्यांनी फिल्मवर सारखाच उजेड पडतो.

उजेड सारखा असला, तरी फोटो सारखा येत नाही. भोक मोठं ठेवलं की जिथे फोकस केलाय तेवढाच पट्टा स्पष्ट येतो आणि मागचंपुढचं धूसर होतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सने तीन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर एफ/२ वर स्पष्टतेचा पट्टा साधारण ४० सेंटिमीटरचा असतो. एफ/११ वर दोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटरचं काम वेगळं. १/५०० ला पाण्याचे शिंतोडे हवेत थांबलेले दिसतात, १/१५ ला त्यांच्या रेघा होतात आणि आपला हात हलला तर सगळाच फोटो हलतो. म्हणून चारांपैकी कोणती जोडी घ्यायची, हे समोर काय आहे ते पाहून ठरवायचं.

मीटर बंद असला तरी

जुन्या कॅमेऱ्याचा मीटर अनेकदा बंदच असतो. त्यासाठी कॅमेरा टाकून द्यायची गरज नाही. उन्हाचा उजेड फार नियमाने वागतो. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड रोलच्या आयएसओइतका, म्हणजे १०० च्या रोलला १/१२५ आणि ४०० च्या रोलला १/५००. या नियमाला ‘सनी सिक्स्टीन’ म्हणतात. कोडॅकसारख्या कंपन्या अशाच आधारावरचा तक्ता रोलच्या खोक्यावर छापत आल्या आहेत.

ढग आले, की आभाळाकडे पाहण्याऐवजी जमिनीवरची सावली पाहा. ४०० चा रोल आणि शटर १/५०० ला कायम धरलं, तर हिशोब असा:

• सावली ठळक, कडा धारदार: एफ/१६
• विरळ ढग, सावलीची कड मऊ: एफ/११
• ढगाळ, सावली जवळजवळ नाही: एफ/८
• आषाढातले दाट ढग: एफ/५.६
• झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत, पण वर आभाळ मोकळं: एफ/४

माणूस उन्हाकडे पाठ करून उभा असेल, तर उन्हाच्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप जास्त उजेड द्या. ताडपत्रीखालच्या भजीच्या गाडीसाठी आणि सूर्य बुडाल्यानंतरच्या वेळेसाठी मात्र हा अंदाज पुरत नाही. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर ओसरतो आणि काही मिनिटांतच एकेक स्टॉप उजेड कमी होत जातो. तिथे मीटर हवाच. फोनवरचं लाइट मीटरचं अ‍ॅप त्यासाठी पुरेसं आहे.

एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत असलेला, बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री आठवून पाहा. त्याच्यावर आकडे नव्हतेच, ऊन आणि ढग दाखवणारी चित्रं होती. तरी सहलीचे आणि मुंजीचे फोटो त्यावर व्यवस्थित येत. याचं एक कारण उजेडाचा हा नियमितपणा आणि दुसरं निगेटिव्ह फिल्मचा सोशिकपणा. त्या सोशिकपणाकडे पुढे येऊ.

मीटरला काय कळत नाही

आता सुरुवातीच्या काळ्या चेहऱ्याकडे येऊ. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये अभियंते विश्वेश्वरय्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे बसवले गेले. पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेपुढे गेली की ते आपोआप उघडत. पातळी ओळखणं हे त्यांचं काम होतं. खाली कोणाच्या शेताला किती पाणी हवंय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. कॅमेऱ्यातल्या मीटरचंही तसंच आहे.

मीटर समोरचा उजेड मोजतो आणि ‘हे दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे’ असं धरून चालतो. मध्यम करडं म्हणजे आलेल्या उजेडाचा सुमारे १८ टक्के भाग परत फेकणारा पृष्ठभाग. रस्ता, झाडी, विटांची भिंत यांची सरासरी काढली तर हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. पण चौकटीत चमकणारं पाणी आणि पेटलेलं आभाळ जास्त असेल, तर मीटरला वाटतं की उजेड खूप आहे आणि तो दरवाजा खाली घ्यायला सांगतो. आभाळ करड्याच्या जवळ येतं आणि आधीच सावलीत असलेला चेहरा काळोखात जातो. सुई मध्यावर होती ती आभाळासाठी.

पांढरा सदरा घातलेले आजोबा चुन्याच्या भिंतीसमोर उभे केले, तरी हेच होतं आणि सदरा मळकट दिसतो. उलट पावसाने भिजलेला काळा कातळ चौकटभर घेतला, तर मीटर जास्त उजेड द्यायला लावतो आणि कातळ राखाडी होतो. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. पांढऱ्याला मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दोन स्टॉप जास्त द्यायचे आणि काळ्याला तेवढेच कमी.

चौपाटीवरच्या फोटोसाठी तीन वाटा आहेत. पहिली, माणसाच्या जवळ जाऊन फक्त चेहऱ्यावर मीटर धरायचा, तो आकडा पक्का करायचा आणि मागे येऊन फोटो काढायचा. आभाळ पांढुरकं होईल, पण माणूस दिसेल. जवळ जाता येत नसेल, तर माणसावर पडतोय तसाच उजेड आपल्या तळहातावर घेऊन तो मोजा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या आकड्याहून एक स्टॉप जास्त उजेड द्या. दुसरी वाट, काळ्या आकृत्याच हव्यात असं ठरवून आभाळावर मीटर धरायचा. कणसाच्या शेगडीवर वाकलेल्या बाईंची ठसठशीत बाह्याकृती अशानेच मिळते. तिसरी वाट सर्वांत सोपी: माणसाला वळवायचं आणि मावळतीचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर घ्यायचा.

कोणता रोल घालायचा?

शिकताना निगेटिव्ह रोल घ्या, रंगीत किंवा कृष्णधवल. निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉप ओव्हर झाली तरी फोटो निघतो, पण दोन स्टॉप अंडर झाली की सावल्यांतला तपशील गेला तो गेलाच. जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे फिल्मवर काही नोंदलंच गेलेलं नसतं आणि ते कोणत्याही धुलाईत परत येत नाही. म्हणून मन द्विधा झालं की निगेटिव्हला एक स्टॉप जास्त द्या. स्लाइड फिल्मचं वागणं उलटं. ती ओव्हर झाली की उजळ भाग कायमचे पुसले जातात आणि तिला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही. ती नंतरसाठी ठेवा.

वेग कोणता, हे ऋतू ठरवतो. पावसाळ्यात आणि संध्याकाळी ४०० आयएसओ सोयीचा. वैशाखातल्या दुपारी तोच रोल अडचणीत आणतो. उन्हात एफ/१६ आणि १/५०० असा त्याचा हिशोब असल्याने एफ/२ वर जायचं तर १/३२,००० शटर लागेल आणि जुने कॅमेरे बहुधा १/१००० ला थांबतात. मागचं धूसर करून एखादा चेहरा उठून दिसावा असं वाटत असेल, तर अशा उन्हात १०० किंवा २०० चा रोल बरा. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा स्वदेशी रोल मिळे. आता रोल आयात होतात आणि स्वस्त नाहीत, म्हणून एकाच जातीचा रोल निवडून त्याचा स्वभाव ओळखणं खिशालाही परवडतं.

पहिली लेन्स पन्नासचीच का?

नवा छंद लागला की लेन्स जमवण्याची घाई होते. पहिल्या काही रोलांसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ ही एकच लेन्स पुरते आणि त्याची कारणं यांत्रिक आहेत.

३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. तिचा कर्ण ४३ मिलिमीटरचा. फोकल लेंग्थ या कर्णाच्या आसपास असली, की फोटो ना ताणलेला वाटतो ना दाबलेला, म्हणून ५० ला ‘नॉर्मल’ लेन्स म्हणतात. आता स्वस्ताईचं कारण. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वरखाली होणारा आरसा असतो, त्यामुळे लेन्सला फिल्मपासून सुमारे ४५ मिलिमीटर दूर बसावं लागतं. ५० च्या लेन्सला एवढं अंतर सहज जमतं. ५-६ काचांत काम होतं आणि भोकही मोठं ठेवता येतं. २८ च्या लेन्सला मात्र आपल्या फोकल लेंग्थपेक्षा जास्त दूर बसून काम करायचं असतं. त्यासाठी जास्त काचांची गुंतागुंतीची रचना लागते आणि किंमत वाढते.

एफ/१.८ चा आणखी एक फायदा दुकानात कोणी सांगत नाही. एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण पूर्ण उघड्या लेन्समधूनच पाहत असतो. जुन्या, एफ/४ किंवा एफ/५.६ पासून सुरू होणाऱ्या झूम लेन्समधून संध्याकाळी पाहिलं, तर फोकस जुळवायलाच दिसत नाही.

सिंहगड मोठा कसा होतो?

धरणाजवळून दक्षिणेला पाहिलं की सिंहगड दिसतो. सरळ रेषेत तो आठ-नऊ किलोमीटरवर आहे आणि जलाशयाच्या पातळीपेक्षा सुमारे ७३० मीटर उंच. डोळ्याला तो भव्य वाटतो, पण २८ च्या वाइड लेन्सने काढलेल्या निगेटिव्हवर त्याची उंची जेमतेम अडीच मिलिमीटर भरते, चौकटीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. १३५ च्या टेली लेन्सने तीच साडेअकरा मिलिमीटर होते, म्हणजे जवळपास अर्धी चौकट.

आता गडासमोर मित्राला उभं करा. २८ च्या लेन्सने दीड मीटरवरून त्याचा कंबरेपर्यंतचा फोटो घ्या. मग लेन्स बदलून १३५ ची लावा आणि तो चौकटीत पहिल्याइतकाच दिसेल इतकं मागे जा, म्हणजे सव्वासात मीटरपर्यंत. मित्र तेवढाच राहिला, पण मागचा सिंहगड जवळपास पाचपट झाला. कारण साधं आहे. मागे सरकल्याने मित्रापासूनचं अंतर पाचपट वाढलं, गडापासूनच्या अंतरात मात्र जाणवण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे दोन गोष्टींचं परस्परांशी प्रमाण आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं आणि लेन्स फक्त चौकट किती मोठी घ्यायची ते सांगते. दीड मीटरपेक्षाही जवळ जाऊन काढलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं दिसतं तेही याच अंतरामुळे.

टेलीला एक अट आहे. हाताची थरथरही ती तेवढ्याच पटीने मोठी करते. हातात कॅमेरा धरून काढताना शटर स्पीड फोकल लेंग्थइतका तरी हवा: ५० ला १/६०, १३५ ला १/१२५ आणि जमल्यास १/२५०. म्हणून टेली घेतली की उजेड जास्त लागतो किंवा रोल वेगवान लागतो. लेन्स आणि एक्स्पोजर यांचं नातं असं घट्ट आहे.

टेली कुठे रोखताय तेही पाहा. जलाशयाच्या उत्तरेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर आहे आणि धरणाची भिंतही संरक्षित आहे. मनाईचा फलक दिसेल तिथे कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

जुनी लेन्स घेताना

आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी, बाजारातल्या बोलीत ‘फंगस’. लेन्स पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा. काचेच्या आत जाळीसारखे धागे दिसले, तर घेऊ नका. एखाददुसरा धूलिकण चालतो. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट नाहीत ना आणि कडं फिरवताच चटकन हलतात ना, हे तपासा. घरी आणल्यावर लेन्स चामडी कव्हरात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि अधूनमधून वापरत राहा.

पहिला रोल कसा वापरावा?

फिल्मवर फोटोचे आकडे नोंदले जात नाहीत, म्हणून खिशात छोटी वही ठेवा. चौकटीचा क्रमांक, अ‍ॅपर्चर, शटर आणि मीटर कशावर धरला, एवढं लिहा. एकाच दृश्याचे चार फोटो घ्या: एक स्टॉप कमी, मीटरप्रमाणे, एक स्टॉप जास्त आणि दोन स्टॉप जास्त. ऊन, सावली आणि पाठीमागून उजेड अशा तीन ठिकाणी हे केलं, तर ३६ पैकी १२ चौकटी जातील. उरलेल्या २४ मनासारख्या काढा.

रोल धुऊन आला की फक्त स्कॅन पाहून निष्कर्ष काढू नका. लॅबमधलं यंत्र प्रत्येक चौकटीचा उजेड सारखा करून देतं, त्यामुळे तुमची चूक झाकली जाते. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडापुढे धरा. सावलीच्या जागी फिल्म अगदी कोरी, पारदर्शक दिसली तर उजेड कमी पडला. तिथे तपशील दिसला तर एक्स्पोजर जमलं. शेजारी वही उघडी ठेवा, म्हणजे कोणत्या आकड्याने काय झालं ते लगेच कळेल.

थोडक्यात

• एक कॅमेरा, ५० ची एक लेन्स, एकाच जातीचा निगेटिव्ह रोल.
• स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि आयएसओइतकं शटर. सावली मऊ होत जाईल तसं भोक मोठं.
• मीटर सगळ्याला मध्यम करडं समजतो. पांढऱ्याला जास्त द्या, काळ्याला कमी.
• पाठीमागून उजेड असेल, तर मीटर चेहऱ्यावर किंवा तळहातावर धरा.
• शंका आली तर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त.
• शटर फोकल लेंग्थपेक्षा मंद नको.
• आधी उभं राहायची जागा ठरवा, मग लेन्स.

दुसरी लेन्स कधी घ्यावी, असा प्रश्न पडला तर वही चाळा. ‘मागे सरकायला जागा नव्हती’ अशा नोंदी जास्त असतील तर २८ किंवा ३५ ची घ्या. ‘गड फार लहान आला’ अशा नोंदी असतील तर १३५ ची. आणि चेहरे अजूनही काळेच येत असतील, तर लेन्सचे पैसे वाचवा आणि आणखी दोन रोल आणा.